वीस मिलिमीटरच्या भोकासाठी कोणतं कॅड?

लेथवर करायची एक पितळी बुश घ्या. बाहेरचा व्यास ३०, लांबी ४०, आत २० चं भोक आणि त्या भोकाला एच ७ ची टॉलरन्स. भोसरीतल्या गाळ्यांत किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात असले भाग रोज होतात. त्याचं ड्रॉईंग म्हणजे एक छेददृश्य, तीन मापं आणि मटेरियलची एक ओळ. एच ७ लिहिलं की भोक २०.००० ते २०.०२१ मिमीच्या मध्ये हवं हे ऑपरेटरला कळतं. एवढ्यासाठी दरवर्षी मोठी रक्कम भरून त्रिमितीय सॉफ्टवेअर घ्यायची गरज नाही. साधं टूडी पुरतं.

आता २ मिमी पत्र्याचा एक ब्रॅकेट घ्या. चार बेंड, सहा भोकं, त्यातली दोन भोकं बेंडच्या अगदी जवळ. हा टूडीत काढायला बसलात तर उलगडलेल्या पत्र्याचं माप हाताने काढावं लागतं, आणि ग्राहकाने एक फ्लँज ३ मिमीने वाढवली की सगळं पुन्हा. इथे मात्र टूडीचा हट्ट महागात पडतो.

‘स्वस्तात चांगलं कॅड कोणतं?’ असं विचारलं की लगेच नावं पुढे येतात. प्रत्येक जण आपण शिकलो तेच सॉफ्टवेअर सुचवतो. मला वाटतं, नावाच्या आधी भाग पाहायला हवा. आपल्या गाळ्यातून बाहेर काय जातं: छापील ड्रॉईंग, लेझरवाल्याला द्यायची फाइल, की व्हीएमसीचा प्रोग्रॅम? आणि ग्राहकाकडून आत काय येतं: पीडीएफ, तुटलेला नमुना, की त्याच्या सॉफ्टवेअरची मूळ फाइल? या दोन उत्तरांनी निम्मी यादी गळून जाते. उरलेल्यांत किमतीची तुलना करावी, आणि ती करताना परवाना नीट वाचावा. कारण छोट्या उद्योगाची खरी मालमत्ता सॉफ्टवेअर नसून वर्षानुवर्षं साठत गेलेली ड्रॉईंगं असतात, आणि ती आपल्या ताब्यात राहतात की नाही हे परवान्यावर ठरतं.

आधी धातूचं काम आणि थ्रीडी प्रिंटिंगचं काम यांतला फरक लक्षात घेऊ. कॅडवरचे बरेच सोपे धडे आणि बरीच फुकट सॉफ्टवेअरं प्रिंटिंगच्या जगातून आलेली आहेत. तिथे मॉडेल हेच सर्वस्व असतं. ते मशीनला दिलं की वस्तू बाहेर येते. धातूच्या भागात मॉडेल फक्त नाममात्र माप सांगतं. भोक २० चं आहे एवढं मॉडेलला ठाऊक; त्याला किती सूट आहे, कुठलं पृष्ठ ग्राइंड करायचं, हार्डनिंग आधी की नंतर, धारा मोडायच्या का, हे सगळं ड्रॉईंगवर राहतं. म्हणून धातूसाठी कॅड तपासताना मी मॉडेलिंगच्या करामतींपेक्षा ड्रॉईंगचं पान आधी उघडून पाहीन. टॉलरन्स वर-खाली नीट लिहिता येते का? पृष्ठाच्या फिनिशचं चिन्ह आहे का? छेददृश्यात हॅचिंग आपोआप येतं का? मॉडेल बदललं की ड्रॉईंगवरचं माप आपण होऊन बदलतं का? शिवाय भारतात भारतीय मानक ब्यूरोच्या एसपी ४६ नुसार पहिल्या कोनातलं प्रक्षेपण वापरतात, आणि अमेरिकी साच्यांत तिसऱ्या कोनातलं असतं. ही सेटिंग न पाहता ड्रॉईंग छापलं तर बाजूचं दृश्य उलट्या बाजूला जातं आणि भोक दुसऱ्याच अंगाला पडतं. सॉफ्टवेअर घेतल्यावर पहिल्याच दिवशी ही सेटिंग आणि मिलिमीटरचं एकक पक्कं करून स्वतःचा ए ४ चा साचा बनवून ठेवावा.

प्रिंटिंगच्या जगातून येणारी दुसरी अडचण जाळीची. ब्लेंडर, टिंकरकॅड, ओपनस्कॅड यांसारखी साधनं आकार लहान लहान सपाट तुकड्यांनी बनवतात. स्केचअपमधलं वर्तुळही बारकाईने पाहिलं तर बहुभुजच असतं. २० मिमीचं भोक ३२ बाजूंच्या बहुभुजाने दाखवलं तर प्रत्येक बाजूच्या मध्यावर त्रिज्येत सुमारे ०.०४८ मिमीची चूक येते. एच ७ ची सगळी पट्टी ०.०२१ ची, म्हणजे मशीन सुरू व्हायच्या आधीच भाग बाद. बाजूंची संख्या वाढवून चूक कमी होते, पण हे वर्तुळ आहे आणि त्याला अमुक केंद्र आहे, ही माहिती फाइलमध्ये मुळातच नसते. त्यामुळे पुढचं सॉफ्टवेअर तिथे ड्रिलिंगचं किंवा बोरिंगचं चक्र बसवू शकत नाही. एसटीएल फाइलीचीही हीच मर्यादा. मशीनिंगसाठी वर्तुळ हे वर्तुळ म्हणून आणि दंडगोल हा दंडगोल म्हणून साठवणारं सॉफ्टवेअर लागतं, आणि त्यातून बाहेर काढायची फाइल असते स्टेप. आयएसओ १०३०३ या मानकावर आधारलेली ही फाइल १९९४ पासून प्रचारात आहे आणि आज जवळपास प्रत्येक गंभीर कॅड-कॅम सॉफ्टवेअर ती वाचतं. जे सॉफ्टवेअर स्टेप वाचत आणि लिहीत नाही ते धातूच्या कामासाठी घेऊच नये.

आकारांचं हे अचूक गणित करणारा भाग सॉफ्टवेअरच्या पोटात असतो. त्याला कर्नल म्हणतात. सॉलिडवर्क्स, सॉलिड एज आणि ऑनशेप ही तिन्ही सीमेन्सच्या पॅरासॉलिड या एकाच कर्नलवर उभी आहेत. अलिब्रे आणि ब्रिक्सकॅड एसीआयएस वापरतात. असं कर्नल लिहायला वर्षं आणि प्रचंड पैसा लागतो, म्हणून बराच काळ चांगलं त्रिमितीय कॅड स्वस्त होऊ शकलं नाही. १९९५ मध्ये सॉलिडवर्क्स बाजारात आलं तेव्हा साध्या विंडोज संगणकावर चालणारं आणि चार हजार डॉलरच्या आतलं म्हणून ते स्वस्त मानलं गेलं. त्याच्याशी पुण्या-मुंबईचं नातंही जुनं आहे: सॉलिडवर्क्सच्या आत चालणारं फीचरवर्क्स हे साधन जिऑमेट्रिक या भारतीय कंपनीने बनवलं होतं. दुसरं मोठं वळण १९९९ चं. मात्रा डेटाव्हिजन या फ्रेंच कंपनीने आपलं कर्नल ओपन कॅस्केड या नावाने सगळ्यांसाठी खुलं केलं. त्याच पायावर पुढे फ्रीकॅड उभं राहिलं, आणि आयआयटी मुंबईत पोलादी बांधकामाच्या जोडांसाठी तयार झालेलं ऑसडॅगही त्रिमितीय आकारांसाठी तेच वापरतं. आज एखाद्या गाळ्यात शून्य रुपये परवाना शुल्कात अचूक सॉलिड मॉडेल बनू शकतं, त्यामागे हा निर्णय आहे.

टूडीचं थोडक्यात. बुश, पिन, वॉशर, स्पेसर, साध्या प्लेटा, वायरकटची प्रोफाइलं एवढंच काम असेल तर लिब्रेकॅड पुरेसं आहे. ते मुक्त स्रोत आहे, जुन्या संगणकावरही चालतं आणि व्यवसायात बिनदिक्कत वापरता येतं. फाइल डीएक्सएफमध्ये साठवतं, हे लेझर आणि वायरकटवाल्यांच्या दृष्टीने सोयीचंच आहे. क्यूकॅड हे त्याचं मूळ घराणं. त्याची व्यावसायिक आवृत्ती कमी किमतीत मिळते आणि ती डीडब्ल्यूजी फाइलही उघडते. ग्राहक सतत डीडब्ल्यूजी पाठवत असेल आणि माणसं ऑटोकॅडवरच शिकलेली असतील तर झेडडब्ल्यूकॅड, जीस्टारकॅड, ब्रिक्सकॅड यांतलं काही बघावं. आज्ञा ऑटोकॅडसारख्याच असल्यामुळे हात लगेच बसतो, आणि एकदाच पैसे भरून कायमचा परवाना घ्यायची सोय या मंडळींनी बराच काळ ठेवली आहे.

लेझरला पाठवायची डीएक्सएफ हा वेगळा विषय आहे आणि तिथे सॉफ्टवेअरपेक्षा शिस्तीला महत्त्व आहे. फाइलमध्ये फक्त कापायच्या रेषा हव्यात. मापं, चौकट, मध्यरेषा काहीच नको. बाह्यरेखा पूर्ण बंद हवी. एकावर एक दोन रेषा पडल्या असतील तर मशीन तीच रेषा दोनदा कापतं आणि कड जळते. वर्तुळाकार कड स्प्लाइन म्हणून गेली तर ती शेकडो तुकड्यांत मोडू शकते. आणि डीएक्सएफमध्ये एकक नीट नोंदलेलं नसेल तर समोरचं सॉफ्टवेअर मिलिमीटरला इंच समजतं आणि भाग २५.४ पट मोठा दिसतो. तो इतका मोठा दिसल्यावर कुणाच्याही लक्षात येतं. पण फाइलसोबत एक मापांसह पीडीएफ दिली की विचारपुशीचा फोनही टळतो.

आता तो ब्रॅकेट. पत्रा वाकवताना आतली बाजू दाबली जाते, बाहेरची ताणली जाते, आणि मध्ये कुठेतरी एक थर असा असतो की त्याची लांबी बदलत नाही. तो आतल्या पृष्ठापासून जाडीच्या किती हिश्शावर आहे ते सांगणारा आकडा म्हणजे के फॅक्टर. सहसा तो ०.३३ ते ०.५ च्या मध्ये असतो. बेंडमध्ये जाणारी पत्र्याची लांबी काढायची तर आतली त्रिज्या अधिक के गुणिले जाडी, आणि त्याला कोनाने (रेडियनमध्ये) गुणायचं. जाडी २, आतली त्रिज्या २, काटकोनी बेंड: के ०.४२ धरला तर ४.४६ मिमी, ०.३३ धरला तर ४.१८ मिमी. एका बेंडला ०.२८ चा फरक. एकाच साखळीत चार बेंड असतील तर १.१ मिमी. जोडणीची भोकं जुळत नाहीत याचं कारण पुष्कळदा हेच असतं, आणि दोष मात्र बेंडिंगवाल्याला दिला जातो.

कितीही महागडं सॉफ्टवेअर घेतलं तरी तुमच्या बेंडिंगवाल्याच्या प्रेसब्रेकचा के फॅक्टर त्याला ठाऊक नसतो. ते एक ठरीव आकडा धरून चालतं. तो आकडा आपणच काढायचा. त्याच पत्र्याची बरोबर १०० मिमी लांबीची पट्टी कापा, तुमचं काम जिथे होतं त्याच डायवर मध्यावर काटकोनात वाकवा आणि दोन्ही बाजूंची बाहेरची मापं व्हर्निअरने घ्या. बेरीज १०३.५ आली तर एका बेंडची वजावट ३.५ मिमी. आतली त्रिज्याही मोजली की त्यावरून के उलटा काढता येतो. जाडी बदलली, मटेरियल बदललं किंवा डाय बदलली की नवी पट्टी. अशा पाच-सहा पट्ट्यांचा तक्ता भिंतीवर लावलेला गाळा फुकटच्या सॉफ्टवेअरमध्येही बरोबर ब्रॅकेट काढतो.

हे फुकटचं सॉफ्टवेअर म्हणजे फ्रीकॅड. २००२ पासून ते घडतं आहे आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची १.० ही आवृत्ती आली. मधल्या काळात अनेकांनी ते उघडलं, वैतागले आणि बंद केलं. त्या वैतागाचं एक ठोस कारण होतं. तुम्ही एक ठोकळा बनवला, एका कडेला चॅम्फर दिला. सॉफ्टवेअरने आत नोंदवलं: कड क्रमांक १२ ला चॅम्फर. नंतर तुम्ही मागे जाऊन एक खाच वाढवलीत; कडांची मोजदाद सरकली, बारावी कड आता दुसरीच झाली आणि चॅम्फर भलतीकडे गेला किंवा मॉडेलच मोडलं. ही अडचण प्रत्येक पॅरामेट्रिक कॅडपुढे असते; महागड्या कंपन्यांनी ती पूर्वीच बऱ्यापैकी काबूत आणली होती. फ्रीकॅडने ती १.० मध्ये बऱ्याच अंशी सोडवली. पूर्ण संपलेली नाही, म्हणून काही सवयी लावून घ्याव्यात. स्केच शक्यतो मूळ प्रतलांवर काढावं, आधीच्या पृष्ठांवर नको. फिलेट आणि चॅम्फर सगळ्यात शेवटी द्यावेत. या सवयी पुढे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उपयोगी पडतात.

फ्रीकॅडची एक गोष्ट छोट्या उद्योगाला फार मोलाची आहे आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं: आतला तक्ता. बुशचा बाहेरचा व्यास, आतला व्यास आणि लांबी तक्त्यातल्या कप्प्यांना जोडली की दुसऱ्या मापाची बुश म्हणजे फक्त तीन आकडे बदलणं. इचलकरंजीत यंत्रमागाचे सुटे भाग करणाऱ्याकडे एकाच भागाचे दहा-बारा प्रकार सहज असतात. त्यांची वेगवेगळी ड्रॉईंगं सांभाळण्यापेक्षा एक मॉडेल आणि एक तक्ता सांभाळणं सोपं. पत्र्याच्या कामासाठी वेगळं ॲड-ऑन डाउनलोड करावं लागतं. ते बेंड टाकतं, पत्रा उलगडतं आणि उलगडलेली आकृती डीएक्सएफ म्हणून देतं. जोडणीची, म्हणजे अनेक भाग एकत्र बसवून पाहण्याची, सोय १.० पासून आतच आली आहे.

कच्च्या मालाचा अंदाज हाही त्रिमितीय मॉडेलचा रोजचा फायदा. ५० मिमी व्यासाच्या माइल्ड स्टीलच्या सळईचा ४० मिमीचा तुकडा सुमारे ६१७ ग्रॅम भरतो. मॉडेलमधून तयार भागाचं आकारमान मिळतं. त्याला स्टीलची ७.८५ ची घनता लावली आणि उत्तर २५० ग्रॅम आलं तर बाकीचे ३६७ ग्रॅम चिप्स म्हणून जाणार हे कोटेशन देण्याआधी कळतं. पितळेच्या भागात तर हा फरक नफा-तोट्याचाच असतो.

कोल्हापूरच्या ओतकामाचा इथे वेगळा उल्लेख हवा. ओतीव भागाची दोन मॉडेलं लागतात: एक मशीनिंग झाल्यावरचं, दुसरं मशीनिंगसाठी माल ठेवलेलं आणि साच्यातून पॅटर्न सुटावा म्हणून उतार दिलेलं. शिवाय ग्रे कास्ट आयर्न थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा हवा. ही दोन मॉडेलं एकमेकांना जोडलेली असली, एकात बदल केला की दुसऱ्यात उमटला, तर पॅटर्न आणि ड्रॉईंग यांची चुकामूक होत नाही. ही सोय फ्रीकॅडमध्ये करता येते, पण उतार आणि गुंतागुंतीचे फिलेट एकत्र आले की ते अडखळतं. ज्यांचं मुख्य कामच कास्टिंगचं आहे त्यांनी इथे पैसे खर्च करावेत असं माझं मत आहे.

आट्यांबद्दल एकच सूचना. एम ८ चा आटा असेल तर मॉडेलमध्ये ६.८ चं भोक काढा आणि ड्रॉईंगवर एम ८ × १.२५ आणि खोली लिहा. आट्याच्या खऱ्या मळसूत्री खाचा मॉडेलमध्ये काढल्या की चित्र देखणं दिसतं, पण फाइल जड होते आणि टॅपिंगच्या कामात त्याचा काडीचा उपयोग नसतो.

व्हीएमसीचा प्रोग्रॅम आपणच काढणार असाल तर हिशेब बदलतो. मग कॅडपेक्षा कॅमची, म्हणजे मशीनचा प्रोग्रॅम काढणाऱ्या सॉफ्टवेअरची, किंमत जास्त महत्त्वाची. ऑटोडेस्कचं फ्यूजन लहान उद्योगांत पसरलं त्याचं मोठं कारण हेच, की त्याच्या सशुल्क परवान्यात मॉडेलिंग, ड्रॉईंग आणि तीन अक्षांचं मिलिंग तसंच टर्निंग एकत्र मिळतं. फ्रीकॅडमध्येही कॅम आहे. पॉकेट, प्रोफाइल, ड्रिलिंग अशी सपाट तळाची कामं ते करतं. तुमच्या कंट्रोलरला समजेल असा कोड देणारा पोस्ट प्रोसेसर मात्र स्वतः तपासून घ्यावा लागतो. पहिला प्रोग्रॅम जॉबच्या बराच वर, हवेत, सिंगल ब्लॉकवर चालवून पाहायचा; हा नियम महागड्या कॅमलाही लागू आहे.

आता परवाना. फसगत सगळ्यात जास्त इथेच होते.

फुकट किंवा नाममात्र शुल्कात मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन अगदी निराळे प्रकार आहेत. फ्रीकॅड आणि लिब्रेकॅडसारखी मुक्त स्रोत सॉफ्टवेअरं कुठल्याही कामासाठी, धंद्यासाठीसुद्धा, वापरता येतात, आणि ही मुभा नंतर काढून घेता येत नाही. दुसरा प्रकार मोठ्या कंपन्यांच्या हौशी आवृत्त्यांचा. फ्यूजनची वैयक्तिक आवृत्ती, सॉलिड एजची कम्युनिटी आवृत्ती, सॉलिडवर्क्सची मेकर आवृत्ती, ऑनशेपची मोफत योजना: यांतलं काहीही नियमित व्यवसायासाठी नाही. फ्यूजनच्या वैयक्तिक आवृत्तीत एका वेळी १० च फाइली बदलण्याजोग्या ठेवता येतात. २०२० मध्ये तिच्या कॅममधली जलद हालचाल आणि आपोआप टूल बदलणंही काढून घेतलं गेलं. सॉलिड एज कम्युनिटीत आणि सॉलिडवर्क्स मेकरमध्ये केलेल्या फाइली त्यांच्याच व्यावसायिक आवृत्तीत उघडत नाहीत, म्हणजे पुढे पैसे भरून परवाना घेतला तरी जुनं काम तसंच्या तसं सोबत येत नाही. ऑनशेपच्या मोफत योजनेत तुमची कागदपत्रं जगाला खुली असतात. ग्राहकाने विश्वासाने दिलेलं ड्रॉईंग तिथे टाकणं म्हणजे त्याच्या स्पर्धकाला दाखवणं. इंजिनिअरिंगला असलेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या विद्यार्थी परवान्यावर घरच्या गाळ्याची कामं करणंही याच वर्गात येतं.

मोफत आवृत्ती उद्याही मोफत असेल याची खात्री कंपनी देत नाही. ड्राफ्टसाइट हे दासो कंपनीचं टूडी सॉफ्टवेअर अनेक वर्षं फुकट होतं आणि ऑटोकॅडला पर्याय म्हणून जगभर लहान कार्यालयांत वापरलं जात होतं. २०१९ मध्ये ते सशुल्क झालं आणि जुन्या मोफत आवृत्त्या त्या वर्षाअखेर चालायच्या बंद झाल्या. ज्यांची ड्रॉईंगं डीडब्ल्यूजी आणि डीएक्सएफमध्ये होती ते दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे वळू शकले. फक्त एकाच सॉफ्टवेअरला वाचता येईल अशा फाइली असत्या तर ते अडकले असते. ऑटोडेस्कने २०१६ मध्ये नव्या कायमच्या परवान्यांची विक्री थांबवली तेव्हाही हाच धडा होता: वर्गणी थांबली की आपलीच ड्रॉईंगं आपल्याला बदलता येत नाहीत. म्हणून वर्षाच्या किमतीकडे न पाहता पाच वर्षांची बेरीज करावी. समजा वर्गणी वर्षाला ५० हजार आहे. पाच वर्षांत अडीच लाख, आणि सहाव्या वर्षी हातात परवाना नाही. एकदाच पैसे भरून मिळणारं अलिब्रेसारखं सॉफ्टवेअर त्या तुलनेत पाहायला हवं. पत्र्याचं काम त्याच्या कुठल्या आवृत्तीत आहे ते मात्र आधी विचारून घ्या.

आणि क्रॅक केलेली प्रत. ती अनेक गाळ्यांत आहे हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. प्रताधिकार कायदा १९५७ च्या कलम ६३ ब नुसार संगणक प्रणालीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट सवलत देऊ शकतं. गाळ्याला ती सवलत नाही. पूर्वी महागड्या सॉफ्टवेअरला परवडणारा पर्याय नव्हता, ही सबब काही अंशी खरी होती. आज ती उरलेली नाही. शिवाय क्रॅकसोबत व्हायरस आला आणि ग्राहकांची ड्रॉईंगं कुलूपबंद झाली तर कायद्याच्या आधी धंदाच बसतो.

पैसे भरून सॉफ्टवेअर घ्यावं असे प्रसंगही आहेत. मोठा ग्राहक सॉलिडवर्क्सच्या मूळ फाइली पाठवतो, दर महिन्याला सुधारित आवृत्ती येते आणि त्याच स्वरूपात उत्तर मागतो, तर तेच घ्यावं. स्टेपमधून नुसता आकार येतो, तो कसा घडला याचा इतिहास येत नाही. प्रेस टूल आणि डाय, शेकडो भागांची जोडणी, वक्र पृष्ठांचे भाग, चार-पाच अक्षांचं मशीनिंग, इथेही फुकटच्या साधनांशी झगडण्यात वेळ घालवू नये. दिवसाचे दोन तास झगडण्यात गेले तर ते सॉफ्टवेअर फुकट राहत नाही. जीएसटी नोंदणी असेल तर खरेदीवरचा कर इनपुट क्रेडिटमध्ये धरून तुलना करा. आणि मूळ परवान्यासोबत काय येत नाही ते लेखी घ्या: पत्र्याचं मॉड्युल, कॅम आणि पोस्ट प्रोसेसर यांचे पैसे बऱ्याचदा वेगळे असतात.

संगणकावर फार खर्च नको. मॉडेलच्या पायऱ्या एकामागून एक सोडवल्या जातात, म्हणून प्रोसेसरमध्ये खूप गाभे असण्यापेक्षा एकेका गाभ्याचा वेग महत्त्वाचा. १६ जीबी मेमरी आणि चाकाचा, तीन बटणांचा चांगला माउस एवढ्यावर लहान भागांचं काम छान होतं. महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. ऑनशेप ब्राउझरमध्ये चालतं, त्यामुळे साधा लॅपटॉपही पुरतो, पण इंटरनेट गेलं की काम थांबतं. ज्या औद्योगिक वसाहतीत वीज आणि नेट दोन्ही लहरी आहेत तिथे हे आधी विचारात घ्यावं.

निवड पक्की करण्यापूर्वी स्वतःचाच एक भाग घ्या. विक्रेत्याच्या नमुन्याचा नको; तो त्याला नेहमीच जमलेला असतो. गेल्या वर्षी सगळ्यात जास्त डोकं खाल्लेला भाग निवडा. तो बनवा, टॉलरन्ससह ड्रॉईंग काढा, मग मागे जाऊन पहिलंच माप बदला आणि ड्रॉईंगपर्यंत सगळं नीट बदलतं का पाहा. स्टेप आणि डीएक्सएफ काढून तुमच्या नेहमीच्या लेझरवाल्याला आणि प्रोग्रॅमरला पाठवा. त्यांच्याकडे उघडून माप लावून बघायला सांगा. हे काम रोज ज्याला करायचं आहे त्यालाच करू द्या. आयटीआयमधून ड्राफ्ट्समन मेकॅनिकलचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलेला मुलगा किंवा मुलगी असेल तर आठवडाभरात त्यांचं मत ठाम होतं, आणि ते मालकाच्या मतापेक्षा जास्त ऐकावं.

पहिल्या दिवसापासून प्रत्येक भागाचा एक फोल्डर ठेवा. नाव भागाच्या क्रमांकाने, पुढे आवृत्तीचं अक्षर. आत चार फाइली: सॉफ्टवेअरची मूळ फाइल, स्टेप, डीएक्सएफ आणि सहीचं पीडीएफ. पीडीएफवर आवृत्ती आणि तारीख हवी, कारण शॉप फ्लोअरवर मशीनला चिकटवलेला कागद हाच शेवटी ऑपरेटरसाठी खरा असतो. नवी आवृत्ती छापली की जुना कागद परत मागून घ्या. या फोल्डरची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि ती हार्ड डिस्क गाळ्यात नव्हे, घरी.